पोपट नेमका कोणाचा?

शिव्या देणारा पोपट कोर्टात येतो, आणि ‘मामला लीगल है’ पाहणारा सभ्य प्रेक्षक म्हणतो, हे जरा अतीच झाले. नेटफ्लिक्सवर 2024 साली आलेल्या या मालिकेवर तो आरोप टिकणार नाही. 2015 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका वृद्धेने नात्यातल्या माणसाचा पोपट आपल्याला शिव्या देतो, अशी रीतसर तक्रार केली होती. पोलिसांनी पोपटाला ठाण्यात बोलावून तिच्यासमोर उभे केले, तर पठ्ठ्याने चोचही उघडली नाही. घटनेच्या 20व्या अनुच्छेदाने आरोपीला दिलेले मौनाचे संरक्षण इतक्या शिस्तीत फार थोड्या माणसांनी वापरले असेल. शेवटी त्याची रवानगी वनखात्याकडे झाली. पुढच्याच वर्षी छत्तीसगडच्या कोरिया जिल्ह्यात अधिकाऱ्याच्या बागेत चरणारी बकरी मालकासह अटकेत गेली आणि 2017 साली उत्तर प्रदेशातल्या उरईत तुरुंगाबाहेरची रोपे खाल्ली म्हणून आठ गाढवांनी चार दिवस कोठडी भोगली. लेखकांनी कल्पनाशक्ती वापरली ती बहुधा फक्त ठिकाणासाठी. मालिकेतले पटपडगंज जिल्हा न्यायालय काल्पनिक आहे आणि पूर्व दिल्लीचे खरे न्यायालय आहे कडकडडूमाला. नावे ऐकून उलटेच वाटावे!

तेव्हा या मालिकेत न पटण्यासारखी गोष्ट एकच: प्रकरण संपते. रवी किशनचा वकील व्ही. डी. त्यागी डोके लढवतो, समोरचा गारद होतो आणि अर्ध्या-पाऊण तासात प्रेक्षक समाधानाने झोपायला जातो. देशाच्या जिल्हा आणि कनिष्ठ न्यायालयांत 4 कोटींहून अधिक प्रकरणे पडून असताना हे दाखवणे म्हणजे शुद्ध परीकथा. खऱ्या कोर्टात पहिला भाग पुकाऱ्यात जाईल, दुसऱ्यात साहेब रजेवर असतील, तिसऱ्यात समन्स न बजावता परत येईल आणि चौथ्यात विरुद्ध बाजूचे वकील मुदतीचा अर्ज देतील. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये, असा नियम 2002 पासून लागू आहे. तो बंधनकारक आहे की नाही हाही वाद झाला आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपवादात्मक परिस्थितीत चौथीही देता येईल. आपल्याकडे परिस्थिती अपवादात्मक नसते तेव्हाच जरा अपवाद वाटतो.

विनोदी मालिकेला शेवट लागतो, नाहीतर पाहणार कोण, असे कोणी म्हणेल. पण चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) आठवा. मुंबईच्या सत्र न्यायालयातल्या त्या खटल्यात लोकशाहीर अडकून राहतो, बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईचे प्रकरण पुढे ढकलले जाते, सुट्टी लागते, दिवे मालवले जातात आणि न्यायाधीश सहलीला जातात. निकाल दिसतच नाही. तरी लोक हसले, कारण ओळखीचे होते. दुसरा आक्षेप वकीलवर्गाकडून येऊ शकतो, की अशाने काळ्या कोटाची बदनामी होते. खरे तर मालिकेने त्यांच्यावर मेहेरबानीच केली आहे. माणसाला रोज सकाळी अकरा ते पाच बाकावर बसवून आपले नाव कधी पुकारतील याची वाट पाहायला लावली, तर तो एक तर तत्त्वज्ञ होईल किंवा वल्ली. मालिकेतली चेंबरसाठी झुरणारी वकील सुजाता आणि हार्वर्डहून शिकून गरिबांना न्याय द्यायला आलेली अनन्या यांच्यातले अंतर बुद्धीचे नाही, वाट पाहण्यात घालवलेल्या वर्षांचे आहे. दोष एकट्या वकिलांवर टाकणेही बरोबर नाही. दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश असावेत, असे विधी आयोगाने 1987 मध्ये सांगितले. आज मंजूर पदे धरली तरी आकडा 21च्या आसपास घुटमळतो. म्हणजे तोही अर्ज तारखेवरच पडला आहे. या सगळ्यात पोपट जर कोणाचा झाला असेल, तर तो पक्षकाराचा.

निर्मात्यांना पुढच्या हंगामासाठी अस्सल कथानक हवे असेल, तर ते पुण्यात तयार आहे. जगातला सर्वांत लांबलेला दावा म्हणून गिनेस बुकाने जो नोंदवला, तो 1205 साली सुरू झाला आणि त्याचा निकाल पुण्यात 1966 साली लागला, वादीच्या वंशजाच्या बाजूने. प्रश्न होता, समारंभात मान कोणाचा आणि उत्सवात पुढे कोण. एका पिढीला एक भाग दिला तरी तीस भाग निघतील, आणि त्यांतल्या एकोणतिसांत निकाल दाखवण्याची गरज पडणार नाही.