कुठल्या बाजूला?

आमच्या सरांना कुणी पत्ता विचारू नये. एकदा एका परगावच्या पाहुण्याने विचारलं, "पोस्ट ऑफिस कुठे आलं हो?" सर म्हणाले, "मारुतीच्या देवळाला सिस, दवाखान्याला ट्रान्स." पाहुणा बिचारा देवळात जाऊन बसला. सरांचं तसं काही चुकलं नव्हतं. रस्ता म्हणजे डबल बाँड. त्याच्या या टोकाला देऊळ, त्या टोकाला त्याच अंगाला पोस्ट. एवढं ज्याला कळत नाही त्याने पत्र तरी कशाला टाकावं, असं सरांचं मत.

ऑरगॅनिक शिकवणारे असे एक सर प्रत्येक कॉलेजात असतात. शर्टाच्या खिशाला खडूची पूड, चष्मा कपाळावर, आणि तो सापडत नाही म्हणून शिपायाला हाक. आमच्या सरांनी तीसेक वर्षं बेन्झीनपासून साबणापर्यंत सगळं शिकवलं, पण जीव अडकला तो दोन कार्बनमधल्या दोन रेघांत.

त्या रेघा काढण्यापूर्वी फळा आधी डस्टरने, मग ओल्या फडक्याने पुसला जाई. तो वाळेपर्यंत हजेरी. मग दोन समांतर रेघा आणि दोन्ही टोकांना दोन-दोन हात, १२० अंशांत. सर गेल्यावर आम्ही कोनमापक लावून पाहिलाय. चूक सापडली नाही याचं वाईट वाटलं.

माझी पाळी आली तेव्हा मी २-ब्यूटीनचे चारही कार्बन प्रार्थनेला उभे केल्यासारखे एका ओळीत काढले.

"ही मालगाडी कुठे चालली?" सर म्हणाले. "दुसरा मिथाइल कुठल्या बाजूला आहे?"

"सर, सरळच आहे."

"सरळ असं काही नसतं! ये इकडे. फुगडी येते?"

सगळ्या वर्गादेखत मला आणि बाकावरच्या मित्राला फुगडी घालावी लागली. आधी एकच हात धरून. "घे गिरकी. घेता आली ना? हा सिंगल बाँड." मग दोन्ही हात. "आता हात न सोडता पाठ फिरवून दाखव." खांदा निखळायची वेळ आली. "नाही जमत! मिथाइल ज्या बाजूला अडकला तिथेच राहिला. म्हणून सिस वेगळा पदार्थ, ट्रान्स वेगळा. एक उकळतो ४ अंशांच्या जरा आत, दुसरा १ अंशाला टेकता टेकता." या तीन अंशांसाठी सर कुणाशीही भांडायला तयार असत.

सिस-ट्रान्स ही झाली घरातली हाक मारायची नावं. डबल बाँडच्या चारही हातांवर चार वेगळे पाहुणे आले की ती पुरत नाहीत. तिथे कान, इन्गोल्ड आणि प्रेलॉग लागतात. त्यांनी १९५६ साली मानाची उतरंड लावून दिली आणि १९६८ पासून ती डबल बाँडच्या नावांनाही वापरू लागले. सर या तिघांबद्दल गावातल्या जुन्या पंचांबद्दल बोलावं तसं बोलत. प्रेलॉगला १९७५ साली नोबेल मिळालं तेव्हा आपण होस्टेलवर पेढे वाटले होते, असं ते अजून सांगतात.

"लग्नात मामाला आधी वाढायचं की आत्याच्या यजमानांना, यावर मांडवात बोलणी बंद होतात," सर म्हणत. "इथे एका वाक्यात निकाल. ज्याचा अणुक्रमांक मोठा, त्याला पहिला पाट." बरोबरी झाली तर पुढच्या पिढीत बघायचं. इथे आम्ही हमखास घसरत असू, आणि सर फळ्यावर बोटं आपटून ओरडत, "बेरीज नको! पहिला फरक बघा!" कारण एका कार्बनला तीन कार्बन चिकटलेले आणि दुसऱ्याला एकुलता एक ऑक्सिजन नि दोन हायड्रोजन, तरी मान दुसऱ्याचाच. "तीन भाचे आले म्हणून मामा मोठा होत नाही," हे त्यावरचं भाष्य. स्वतः सरांना तीन भाचे आहेत.

मोठे दोन्ही मानकरी एका बाजूला आले की झेड, समोरासमोर आले की ई. झेड म्हणजे झुझामेन, एकत्र. ई म्हणजे एन्टगेगेन, विरुद्ध. सरांना आयुष्यात हे दोनच जर्मन शब्द आले आणि दोन्ही त्यांनी रोज वापरले. शिपाईसुद्धा प्राचार्यांच्या केबिनबाहेर आम्हाला हळूच सांगायचा, "आत आज एन्टगेगेन चाललंय. नंतर या." पण अक्षरांनी मात्र दगा दिला. ई या अक्षराचे तिन्ही दात एकाच बाजूला आणि अर्थ विरुद्ध. झेडची टोकं दोन दिशांना आणि अर्थ एकत्र. या एका गोष्टीवरून सर जर्मनांवर मनापासून रागावलेले होते.

१-ब्रोमो-१,२-डायक्लोरोईथीन हा त्यांचा परीक्षेतला लाडका प्रश्न. दरवर्षी येणार हे सगळ्यांना ठाऊक, तरी निम्मा वर्ग पडणार. दोन्ही क्लोरीन एका बाजूला बघून मी आनंदाने 'सिस, म्हणून झेड' लिहिलं. सिस बरोबर होतं. पण पहिल्या कार्बनवर ब्रोमीन बसलाय ३५ चा, त्याच्यापुढे १७ च्या क्लोरीनला कोण विचारतो! दुसऱ्या कार्बनवर क्लोरीनच मोठा, आणि तो ब्रोमीनच्या समोर. म्हणजे ई. पेपरवर सरांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'पाहुणे ओळखीचे निघाले म्हणून मानाचे ठरत नाहीत.' गुण मात्र अर्धा दिला.

निवृत्तीनंतर सरांचा फळा स्वयंपाकघरात गेला. २०२२ च्या जानेवारीपासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, तेव्हा ते कात्रण फ्रीजवर चिकटलं. काकूंना व्याख्यान मिळालं. शेंगदाण्याच्या तेलातलं ओलेइक आम्ल सिस, म्हणून कमरेत वाकलेलं. वाकलेली माणसं दाटीने बसत नाहीत, म्हणून तेल पातळ. वनस्पती तूप करताना त्यातलं काही ट्रान्स होतं, सरळ होतं, विटांसारखं रचलं जातं. एक वितळतं १३-१४ अंशांना, दुसरं ४५ च्या आसपास.

"आणि इतकी वर्षं माझे चिरोटे खाल्लेत ते?" काकूंनी विचारलं.

सर थोडा वेळ फ्रीजकडे बघत राहिले. "चव झुझामेन होती," म्हणाले.

परवा बारावीतल्या लेकीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. "भिंग नवं, रेटिनल जुनंच," ते मला सांगू लागले. "उजेड पडला की अकराव्या कार्बनवरचं सिस फटकन ट्रान्स होतं, तेव्हा कुठे तू दिसतोस. तुझ्यासाठी एवढं करावं लागतं." लेकीने टॅबवर रेणू काढून दाखवला. कोन आपोआप १२० चा आला. सरांनी तो नव्या डोळ्याने पाहिला, मग जुन्या डोळ्याने पाहिला आणि उठून कागद-पेन्सिल आणली. पाऊण तास मी चहा पीत बसलो. कागद भरला, मागची बाजूही भरली.

निघताना मी विचारलं, "सर, रिक्षा स्टँड आता कुठे हलवलाय?"

"देवळाला ट्रान्स."

लेक "बरं आजोबा" म्हणाली आणि नाकासमोर चालू लागली. मी सवयीने देवळाच्या पायऱ्यांपर्यंत गेलो होतो. समोरच्या अंगाने, रिक्षातून, तिने हाक मारली.