टेकूरावांस अनावृत पत्र

रा. रा. टेकूराव, मुक्काम दुसऱ्या मजल्याची गॅलरी, गिरगाव, यांस
सा. न. वि. वि.

आपण आमच्या दारासमोर उभे राहिलात त्याला यंदा अकरा पावसाळे झाले. सरकारी माणसं आपल्याला 'तात्पुरते' म्हणून ठोकून गेली होती. तात्पुरत्या गोष्टींबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. १९४७चा मुंबईचा भाडे कायदाही तात्पुरताच होता. मुदतवाढ घेत घेत पन्नाशी ओलांडून गेला. त्यानं भाडं १ सप्टेंबर १९४०च्या आकड्याला बांधलं. आजोबांची खोली त्यामुळेच टिकली, हे आम्ही विसरलेलो नाही.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, इतकं गोठलेलं भाडं वाजवी नाही. मग नवा कायदा आला आणि २०००पासून वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. कशाचे ४ टक्के? आमच्या साठ रुपयांचे. पहिल्या वर्षीचे दोन रुपये चाळीस पैसे मागताना मालकाचे मेहताजी स्वतःच लाजले होते. आता दीडशेच्या घरात देतो. मालक दुरुस्तीचं नाव काढत नाही, आम्हीही फार आग्रह करत नाही. बाकीचं भाडं आपण आणि जिन्याची भिंत मिळून भरता.

समोरची खोली कुलपात आहे. मंडळी बदलापूरला गेली, भाडेपावती मात्र सोडली नाही. सोडतील कशी? पुनर्विकासात पावतीवाल्याला फुकट घर मिळतं. म्हणजे इमारत पडायला तर हवी, फक्त आम्ही आत नसताना.

आमचा मुलगा नालासोपाऱ्याला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना कायद्यानं भाडेकरू करून टाकलं. त्याचा धसका घरमालकांनी असा घेतला, की अजून अकरा महिने झाले की पोराचं कपाट टेम्पोत चढतं. त्याचं एका महिन्याचं भाडं आमच्या पाच वर्षांच्या भाड्याएवढं. तो हे गणित जेवताना काढतो, म्हणून त्याला हल्ली रविवारी बोलावत नाही.

तरी बिल्डर सापडेपर्यंत तग धरावी, ही विनंती.

आपला,
पावतीधारक

ता. क. : टॉवेलासाठी आपल्या अंगात आणखी एक खिळा ठोकतो आहे. डाव्या बाजूला ठोकतो, उजवीकडे वाळवी आहे.