द्राक्षमळ्यातील कोरडा घसा

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात बोन या तटबंदीच्या शहरापासून सांतने या गावापर्यंत द्राक्षमळ्यांमधून जाणारा सुमारे २२ किलोमीटरचा जो सायकलमार्ग आहे, त्याचे नाव ‘व्वा दे व्हीन्य’ असे असून त्यातील ‘व्वा’ हा उद्गार नव्हे, तर ‘वाट’ या अर्थाचा साधा फ्रेंच शब्द आहे, हे प्रारंभीच नोंदवणे आवश्यक आहे. अन्यथा फ्रेंच शासनाने स्वतःच्याच रस्त्याला दाद दिली आहे असा मराठी प्रवाशाचा समज होतो आणि पहिल्या पाच किलोमीटरांत तो दृढही होतो. पोमार, वोल्ने, मर्सो अशी वाइनच्या बाटल्यांवरून जगाला ठाऊक झालेली गावे या वाटेवर एकामागून एक येतात, मोटारी क्वचितच भेटतात, आणि शांतता इतकी असते की सायकलच्या चेनची कुरकुर आणि स्वाराच्या गुडघ्यांची कुरकुर या दोहोंतील फरक कानाने ओळखता येतो. अशा या प्रदेशातून, म्हणजे जगातील अत्यंत महाग पेयाच्या उगमस्थानातून, जाणाऱ्या सायकलस्वाराचा बहुतांश दिवस साधे पाणी शोधण्यात जातो, या विसंगतीकडे पर्यटनविषयक साहित्याने अक्षम्य दुर्लक्ष केले आहे.

येथील जमिनीचा सारा हिशेब ‘क्लिमा’ या शब्दाभोवती फिरतो. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘हवामान’ असा असला तरी बर्गंडीत तो चालत नाही. माती, उतार, ऊन आणि शेजाऱ्यांची शतकानुशतकांची कुरबुर यांतून सीमा ठरलेला, स्वतःचे नाव असलेला मळ्याचा तुकडा म्हणजे क्लिमा, आणि असे १२४७ तुकडे २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत एकदम दाखल झाले. बांधावरून तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या समाजाला या वार्तेने हुरूप यावा, कारण चिकाटी धरली तर बांधाचाही वारसा होतो. रोमाने-कोंती हा सर्वांत प्रतिष्ठित तुकडा जेमतेम साडेचार एकरांचा आहे. तर एके काळी मठवासी साधूंच्या एकट्या मालकीचा असलेला क्लो द वूझो हा दगडी भिंतीने वेढलेला सुमारे ५० हेक्टरांचा मळा आज ८० च्या आसपास मालकांत वाटला गेला असून, त्याचा सातबारा निघत असता तर तलाठ्याला पुरवणी जोडावी लागली असती.

गावांच्या नावांचा इतिहासही याच दिशेने जातो. जव्हरे या गावाने १८४७ साली आपल्या शिवारातील शांबेर्तां या नामांकित मळ्याचे नाव स्वतःला जोडून घेतले, आणि मग ती लागणच झाली. पुलिन्यी आणि शासान्य या दोन गावांच्या शिवेवर मोंराशे नावाचा मळा पसरला असल्यामुळे १८७९ साली दोघांनीही तेच नाव पुढे लावले, म्हणजे एकाच श्रीमंत सासऱ्याचे आडनाव दोन्ही जावयांनी घ्यावे, तसा हा प्रकार झाला. मोंराशे या शब्दात दोन ‘ट’ आहेत आणि ते दोन्ही केवळ लिहिण्यासाठी आहेत. वाट विचारताना जो ते उच्चारतो, त्याला उत्तर मिळते, परंतु सहानुभूतीसह मिळते.

नाशिककडचे द्राक्षबाग पाहिलेल्या मनुष्याची येथे आणखी एका बाबतीत निराशा होते. नाशिकच्या वेली मांडवावर चढवलेल्या असल्याने त्यांच्याखाली निदान डोके सावलीत ठेवता येते. बर्गंडीच्या वेली मात्र तारांच्या आधाराने कमरेपर्यंत वाढवून छाटून टाकतात आणि एका हेक्टरात अशा सुमारे १०,००० वेली लावतात, त्यामुळे जुलैच्या दुपारी सायकलस्वार हीच त्या आसमंतातील सर्वांत उंच आणि म्हणून सर्वांत भाजणारी वस्तू ठरते. या विधानाला एकच अपवाद आहे, तो म्हणजे ओळींच्या इतक्या दाटीतून जाण्यासाठी बनवलेला लांब पायांचा ट्रॅक्टर. वेलींची ओळ दोन्ही चाकांच्या मधून पोटाखालून जाऊ देणाऱ्या या यंत्राच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘टांग टाकणारा’ असा होतो, आणि सायकलवर टांग टाकून निघालेला मराठी गृहस्थ अरुंद रस्त्यावर त्याच्यासमोर येतो तेव्हा कोणाची टांग श्रेष्ठ, हा प्रश्न चर्चेविना निकालात निघतो.

रस्त्याच्या चढ-उतारांविषयी फ्रेंच सायकलपटूंकडे ‘फो प्ला’ अशी एक संज्ञा आहे. तिचा अर्थ खोटा सपाट रस्ता असा असून, जो डोळ्यांना सपाट दिसतो परंतु मांड्यांना चढ असल्याचे कळते, अशा रस्त्यासाठी ती वापरतात. बर्गंडीतील उत्तम मळे टेकडीच्या मध्यभागी असतात, कारण तेथे पाण्याचा निचरा होतो आणि पूर्वेकडे तोंड असल्याने सकाळचे ऊन मिळते. पायथ्याच्या सपाट, जड जमिनीत साधी वाइन पिकते. यावरून, जेथे धाप लागू लागते तेथे बाटलीची किंमत वाढते, असा सिद्धांत मांडता येईल. मात्र माथ्यावर धाप सर्वाधिक असूनही माती पातळ, वारा गार आणि वाइन पुन्हा स्वस्त होत असल्यामुळे तो अर्ध्या चढापुरताच ग्राह्य धरावा.

अखेरीस एखाद्या तळघरात वाइन चाखण्याचा योग येतो, आणि तेथे ‘क्राश्वार’ नावाचे भांडे पुढे ठेवले जाते. हे भांडे म्हणजे आपल्याकडील दिवाणखान्यांतून केव्हाच हद्दपार झालेली पिकदाणी होय. पेला गोल फिरवावा, वास घ्यावा, घोट तोंडात घोळवावा आणि तो भांड्यात थुंकावा, असा हा विधी असून जाणकार मनुष्य तो निर्विकारपणे पार पाडतो. परंतु पैसे मोजून घेतलेली वस्तू थुंकून टाकणे हे मध्यमवर्गीय मराठी मनाच्या घडणीतच बसत नाही. ते मन गिळते, आणि तेथून कायद्याचा प्रश्न उपस्थित होतो. फ्रेंच कायद्याच्या दृष्टीने सायकल हे वाहनच असल्याने मद्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू असते. रक्ताच्या एका लिटरात अर्धा ग्रॅम मद्य आढळले की १३५ युरो दंड होऊ शकतो. मोटारीच्या परवान्याचे गुण मात्र सायकलवरील गुन्ह्यासाठी कापले जात नाहीत, हा त्यातल्या त्यात दिलासा.

कायद्याच्याही आधी धर्माज्ञा झालेली होती. फ्रान्समधील सायकलभ्रमंतीचा जनक मानला जाणारा पॉल द व्हिव्ही, ज्याला लोक ‘व्हेलोसिओ’ म्हणत, हा सेंत-एतियेन येथील शाकाहारी गृहस्थ होता. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, आणि वाटेत असेपर्यंत तरी मांस, वाइन व तंबाखू वर्ज्य मानावी, असे नियम त्याने घालून दिले. गळ्यात तुळशीची माळ तेवढी नव्हती. वाइनच्या देशाने आपल्या सायकलभ्रमंतीचे पितृपद अशा माळकऱ्याला द्यावे, हे त्या देशाच्या मोठ्या मनाचे लक्षण मानावे लागेल.

त्याच्या नियमाची बाजू भक्कम करणारे उदाहरण १९५० च्या तूर द फ्रान्स या शर्यतीत घडले. पेर्पिन्यां ते नीम या दक्षिणेकडील टप्प्यात अब्देल-कादेर झाफ हा अल्जेरियाचा स्वार पुढे असताना भर उन्हात कोसळला. त्याला झाडाखाली बसवण्यात आले, आणि शुद्धीवर आणण्यासाठी गावकऱ्यांनी त्याच्यावर वाइन शिंपडली असे सांगतात. तो उठला, सायकलवर बसला आणि जोमाने निघाला, परंतु आल्या वाटेने. वाइन पोटात न जाता केवळ अंगावर पडली तरी दिशा बदलते, एवढे अनुमान यातून काढण्यास हरकत नसावी. तो टप्पा त्याचाच देशबंधू मार्सेल मोलिनेस याने जिंकला, आणि योग्य दिशेने गेल्याची शिक्षा म्हणून तो विस्मृतीत गेला.

राहिला प्रश्न पाण्याचा. दुपारी बारा ते दोन या वेळेत गावातील दुकाने बंद असतात आणि या बाबतीत पुण्याच्या दुकानदारांनाही नमते घ्यावे लागेल. चौकात कारंजे असते, परंतु त्यावर ‘ओ नों पोताब्ल’, म्हणजे पाणी पिण्यायोग्य नाही, अशी पाटी सापडते. म्हणून जुनेजाणते सायकलस्वार सरळ दफनभूमीचे फाटक शोधतात, कारण नातेवाइकांना कबरींवरील फुलांना पाणी घालता यावे म्हणून तेथे नळ ठेवलेला असतो, आणि ‘पिऊ नये’ अशी पाटी नसल्यास ते पाणी बहुधा चांगले असते. ही फुले नोव्हेंबरात प्रामुख्याने शेवंतीची असतात. त्यामुळे वेणीच्या आठवणीने कोणा फ्रेंच यजमानीणबाईंना शेवंती भेट देण्याचा मोह मराठी पाहुण्याने टाळावा. सायकलला अडकवण्याची मोठी बाटली ७५० मिलिलिटरची असते, आणि योगायोगाने वाइनची बाटलीही तेवढीच असते. नळ सोडल्यावर ती अर्ध्या मिनिटात, फुकट, भरते. दफनभूमीच्या भिंतीपलीकडून मळा सुरू होतो, आणि तेथल्या तेवढ्याच मापासाठी माणसे नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबतात.