स्टेअरिंग रॅक खाणाऱ्या गंजास खुले पत्र

गंजास,

पत्राच्या वर ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. ती तुझ्यासाठी नाही. नांदेड आणि लातूरच्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्या हजारो लोकांच्या खिशाला तू कात्री लावतोस आणि प्रसंगी त्यांच्या जिवावरही उठतोस. तुझ्याशी बोलायचं ते स्पष्टच.

मराठवाड्यात तुझी कुणी नीट चौकशी केली नाही, आणि हेच तुझं भांडवल आहे. गंज म्हटलं की आमच्याकडचा माणूस कोकणाकडे बोट दाखवतो. समुद्राची खारी हवा, चार महिन्यांची झड, मालवण-रत्नागिरीच्या गाड्यांचे कुजलेले पत्रे. ज्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणून प्यावं लागलं, तिथं गाडीला गंज कुठून चढणार, असा लोकांचा हिशेब. तो साफ चुकीचा आहे. तुला समुद्र लागत नाही. उघडं लोखंड, थोडा ओलावा आणि हवा एवढ्यावर तुझं भागतं. या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतील अशी जागा तू गाडीच्या पोटाखाली हेरून ठेवली आहेस.

ती जागा म्हणजे स्टेअरिंग रॅक. चालकानं स्टेअरिंग फिरवलं की खाली एक छोटं दातेरी चाक फिरतं. त्याचे दाते एका आडव्या पोलादी दांड्याच्या दात्यांत बसलेले असतात, आणि तो दांडा डावीकडे-उजवीकडे सरकून पुढची चाकं वळवतो. दांडा नळीसारख्या घरात असतो. त्याच्या दोन्ही टोकांना चेंडूसारखा सांधा असलेले रॅक एंड, आणि त्यांच्या पुढे चाकापर्यंत जाणारे टायरॉड एंड. हे सगळं ग्रीसमध्ये राहावं, धूळ-पाण्यापासून लांब राहावं, म्हणून दोन्ही बाजूंना घड्या घातलेला रबरी बूट असतो. दोन बूट, चार क्लॅम्प. तुझ्या आणि पोलादाच्या मध्ये उभा असलेला पहारा एवढाच.

हा पहारा मोडण्यात तुला साथ देणारे पुष्कळ आहेत. पहिला आमचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो, खालून डांबर तापतं, वरून इंजिन तापतं, आणि रबर घडीच्या खोबणीत तडकतं. दुसरे रस्ते. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडकडे येणारा 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आता रुंद झाला, पण महामार्ग सोडून कंधार, मुखेड, जळकोट, रेणापूरच्या आतल्या गावांना वळलं की खडी आणि मुरूम चाकाखालून उडून थेट बुटावर बसतात. तिसरी आमची काळी माती. पावसात ती फुगते, उन्हात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता दर वर्षी लाटांसारखा वर-खाली होतो. त्या प्रत्येक हादऱ्याची किंमत रॅक एंडचा सांधा मोजतो. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या शेतातला चिखल डांबरावर आणतात. तो बुटाच्या घड्यांत अडकतो, वाळून दगड होतो, आणि स्टेअरिंग वळलं की रबर कापतो.

चौथा साथीदार सर्वांत वाईट, कारण त्याला लोक पैसे देऊन आणतात. तो म्हणजे घाईत केलेलं चाकांचं अलाइनमेंट. अलाइनमेंट करताना टायरॉडचा नट सैल करून रॉड फिरवावा लागतो. बुटाचं निमुळतं टोक त्या रॉडवर क्लॅम्पनं धरलेलं असतं. क्लॅम्प न सोडता रॉड फिरवला की बूट ओल्या धोतरासारखा पिळला जातो. गाडी सरळ चालते, ग्राहक खूश होऊन जातो, आणि पिळलेला बूट पुढच्या काही महिन्यांत घडीवर फाटतो. क्लॅम्प मागे सरकवायला आणि टोकाखाली थोडं सिलिकॉन ग्रीस लावायला दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं वाचवणारा प्रत्येक कारागीर तुझा बिनपगारी नोकर आहे.

एकदा चीर पडली की पुढचं काम तू शिस्तीत करतोस. चाकं वळली की एका बाजूचा बूट दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूचा ताणला जातो. ताणला जाणारा बूट हवा ओढतो, आणि फाटका असेल तर हवेबरोबर धूळ आणि पाणीही ओढतो. धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ग्रीसचं काम उलटं होतं. जे झीज थांबवायला घातलं तेच झीज करू लागतं. पाणी ग्रीस धुऊन काढतं. उघड्या पडलेल्या दांड्यावर मग तू बारीक खड्डे पाडतोस. हायड्रॉलिक रॅक असेल तर हेच खड्डे सरकताना तेलाचं सील घासतात, आणि गळती सुरू होते. इलेक्ट्रिक स्टेअरिंगची मोटर रॅकवरच बसवलेली असेल, तर पाणी वायरिंग आणि सेन्सरपर्यंत पोचतं. तिथं दुरुस्ती क्वचितच होते. पूर्ण रॅक बदलावा लागतो.

आता बिलाचं बोलू. बूट काही शेकड्यांत मिळतो. रॅक काही हजारांत जातो, आणि इलेक्ट्रिक असेल तर आकडा आणखी चढतो. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी हा खर्च शेतकऱ्याच्या घरात कुठून येतो, याचा विचार करण्याइतकं मन तुला नाही. पण पैसा ही लहान गोष्ट आहे. रॅक एंडचा सांधा झिजून निसटला, तर एक चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही. लातूरच्या शिकवणीला लेकराला सोडायला निघालेला बाप, हुजूर साहिबच्या दर्शनाला निघालेलं कुटुंब, ताशी ऐंशीनं जाणारी गाडी आणि सोबत न वळणारं एक चाक. तुझा खरा गुन्हा हा आहे.

पाऊस नसेल तेव्हाही तू उपाशी राहत नाहीस. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप थेट बुटावर धरला की पाणी क्लॅम्पच्या कडेनं आत शिरतं. आणि आमच्याकडे ते पाणी बहुतेक खोल बोअरचं, क्षारांनी जड झालेलं असतं. पाणी वाळतं, क्षार राहतात, आणि क्षार तुझा वेग वाढवतात. बर्फाच्या देशांत रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून तिथल्या गाड्या खालून लवकर सडतात, कारण तेच. उभी गाडीही तुला चालते. मुलं पुण्याला नोकरीला, गाडी गावाकडे वाड्यात झाकलेली, दिवाळी आणि पोळ्यालाच बाहेर निघणारी. बूट फाटका असेल तर ग्रीस सुटलेल्या दांड्यावर तुला महिनोन्‌महिने मोकळं रान मिळतं. आणि ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात गावं पाण्यात गेली, तशा पुरात बुडालेल्या गाडीची सीट वाळवून लोक समाधान मानतात. रॅक उघडून बघायचं राहून जातं.

तुला वाटत असेल की हे सगळं मिस्त्र्यांनाच कळतं. म्हणून जे कुणालाही करता येईल तेच इथं लिहितो.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि इंजिन बंद करा. चाकाच्या मागे मोबाइलची बॅटरी मारा. बुटाच्या घड्या उघडलेल्या दिसतील. चीर, पीळ, सैल क्लॅम्प, चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं ग्रीस, यातलं काहीही दिसलं की गॅरेज गाठा. मग दुसरी बाजू. बूट दाबल्यावर आत तेल डुचमळलं, तर सील गेलं आहे. हे मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा करायचंच, आणि प्रत्येक अलाइनमेंटनंतरही. खराब रस्त्यावर स्टेअरिंगमध्ये टकटक जाणवली, गाडी सरळ राहत नसेल, स्टेअरिंग वळणानंतर आपोआप मागे येत नसेल, तर थांबू नका. गॅरेजमध्ये पुढचं चाक उचलून स्टँडवर घेतल्यावर चाक डावी-उजवीकडून धरून हलवायला सांगा. तिथं ढिलेपणा (प्ले) असेल तर टायरॉड किंवा रॅक एंड तपासावा लागतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कुणीही जायचं नाही.

बूट बदलताना तीन गोष्टी मागून घ्या. जुनं ग्रीस पुसून दांड्यावर खड्डे आहेत का ते दाखवायला सांगा. ग्रीस कंपनीनं सांगितलेलंच भरायला सांगा. क्लॅम्प नवे लावायला सांगा. तार गुंडाळलेला बूट पाणी रोखत नाही. काम झाल्यावर अलाइनमेंट. आणि रॅकमध्ये आवाज आहे म्हणून कुणी खालचा नट आवळून देत असेल तर नको म्हणा. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून दाते मधेच जास्त झिजतात. मध्ये घट्ट केलेला रॅक वळणावर आखडतो. पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं इंजिन ऑइल फवारण्याची रीतही सोडा. सस्पेन्शनच्या रबरी बुशांना खनिज तेल बाधतं. उभ्या गाडीचं स्टेअरिंग जोर लावून फिरवण्यापेक्षा चाक जरा हलू द्या, मग वळवा.

गॅरेजवाल्यांना एकच मागणी आहे. सर्व्हिसिंगच्या कागदावर ऑइल, फिल्टर, ब्रेक यांच्या खाली ‘रॅक बूट, डावा-उजवा’ अशी एक ओळ छापा आणि फाटका बूट ग्राहकाला डोळ्यांनी दाखवा. बिल छोटं होईल, पण तो ग्राहक कायमचा तुमच्याकडे येईल.

आणि तुला, गंजा, एवढंच. तू अमर आहेस हे मान्य. लोखंड आहे तोवर तू आहेस. पण तुला आत यायला दार लागतं, आणि ते दार काही शेकड्यांच्या रबराचं आहे. ते बंद ठेवणं आमच्या हातात आहे. या मृगापासून नांदेड आणि लातूरच्या प्रत्येक गाडीमालकानं ते तपासायला सुरुवात करावी, म्हणून हे पत्र तुझ्या नावानं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर लिहिलं आहे.

नांदेड–लातूर रस्त्यावरचा एक चालक