वाद घाला, पंगत मोडू नका

समलिंगी विवाह आपल्या संस्कृतीत बसत नाही, हे सांगलीत ठासून सांगणाऱ्यांनी जरा जपून बोलावं. 1843 साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवलं; राम पुरुष, सीताही पुरुषच! कृष्णा काही उलटी वाहिली नाही. सातारच्या कटगुणात मूळ असलेल्या जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये भटजीविना लग्न लावलं, तेव्हाही धर्म बुडाल्याची ओरड झालीच. ऑक्टोबर 2023 मध्ये समलिंगी विवाहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. जोडीदारीच्या कायदेशीर मान्यतेवर मात्र 3 विरुद्ध 2 असं फाटलं. तरी त्या पाचांपैकी कुणी कुणाला ग्रुपमधून काढलं नाही. भावकीनेही तेवढं जमवावं: भांडा जोरात, पण घरातल्या समलिंगी मुलाला आणि त्याच्या जोडीदाराला पंगतीतून उठवू नका.