पाव्हणे यायलेत

पूर्णा जंक्शनच्या तिकीट खिडकीत दहा रुपये सरकवले की दोनपैकी एक गोष्ट मिळते. प्लॅटफॉर्म तिकीट घेतलं तर दोन तास फलाटावर बसता येतं आणि कुठंही जाता येत नाही. पॅसेंजरचं तिकीट घेतलं तर परभणीला जाता येतं, नाहीतर उलट्या बाजूला नांदेडला. दोन्ही तीसेक किलोमीटरवर. शहाणा माणूस दुसरं घेईल. आमच्याकडचं कॉलेजातलं पोरगं त्याहून शहाणं. ते परभणीचं तिकीट काढतं आणि फलाटावर बसून राहतं. असं तिकीट काढल्यावर तीन तासांत, नाहीतर त्यानंतरच्या पहिल्या गाडीनं निघायचं असतं. म्हणजे प्लॅटफॉर्म तिकिटापेक्षा तासभर जास्तीचा, आणि मन झालंच तर परभणी हातात आहेच. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण ज्यानं केली, त्याच्या खिशात बहुतेक हेच तिकीट असावं.

पुण्या-मुंबईच्या पोरांना सुटीचा दिवस स्वस्तात कसा काढायचा हा प्रश्न पडतो. पूर्ण्यात तो पडत नाही, कारण महागात काढायची सोयच नाही. इथली अडचण निराळी आहे. इथं हिंडायला पैसे लागत नाहीत, सबब लागते. घरातून चौकापर्यंत यायचं तर पानटपरीवाला, किराणावाले काका आणि ओट्यावर बसलेल्या दोन आज्या, एवढ्या सगळ्यांना 'कुठं चाललास रे?' याचं उत्तर द्यावं लागतं. 'फिरायला' हे उत्तर चालत नाही. फिरणं हे डॉक्टरनं सांगितल्यावर करायचं असतं, आणि तेही पन्नाशीनंतर, पांढरे बूट घालून. 'स्टेशनवर, पाव्हणे यायलेत' हे मात्र बिनतक्रार चालतं. श्री गुरु बुद्धिस्वामी महाविद्यालयातल्या पोरांना वर्षाकाठी जेवढे पाहुणे येतात, तेवढे खरोखर आले असते तर गावातली ज्वारी पुरली नसती.

स्टेशनवर बघण्यासारखं काय आहे, असं नवखा माणूस विचारतो. त्यानं अकोल्याकडून नांदेडला जाणारी गाडी येईपर्यंत थांबावं. या गाडीचं तोंड पूर्ण्यात फिरतं. पुढचं इंजिन सुटतं, शेवटच्या डब्याच्या टोकाला इंजिन लागतं आणि गाडी ज्या बाजूनं आली त्याच बाजूला निघते. ड्रायव्हर आणि गार्ड आपापल्या पेट्या-पिशव्या घेऊन टोकं बदलतात. २०२२पासून गार्डाचं नाव ट्रेन मॅनेजर झालं, पण मॅनेजरलाही ही पायपीट चुकलेली नाही. हे सगळं पोरं कट्ट्यावर बसून बघतात आणि आपसात मतं देतात. कपलिंग लवकर बसलं की नाही, मागच्या आठवड्यातला माणूस जास्त चपळ होता, वगैरे. यातल्या एकालाही रेल्वेनं कधी विचारलेलं नाही.

खरी गंमत गाडी हलल्यावर असते. आत झोपलेला माणूस जागा होतो, खिडकीतून बघतो आणि घाबरून ओरडतो, 'अहो, गाडी परत अकोल्याला चालली!' त्याला धीर देणं हे आमच्या पोरांचं पिढीजात काम. चालत्या गाडीबरोबर चार पावलं पळत ते सांगतात, 'बसा काका, नांदेडलाच चाललीय.' काकांचा विश्वास बसलेला नसतो, पण उतरायची वेळही गेलेली असते. ज्यांनी धडपड करून गाडीच्या दिशेला तोंड करून बसायची जागा मिळवली, त्यांची आता गाडीच्या दिशेला पाठ झालेली असते, हे वेगळंच. जुनी माणसं म्हणतात, खरा तमाशा मीटरगेजच्या वेळी होता. तेव्हा इथं वाफेच्या इंजिनांची शेड होती आणि कोळशाच्या धुरानं धुणी काळी व्हायची. अकोल्याची लाइन २००८ साली ब्रॉडगेज झाली. धुणी स्वच्छ झाली, पण आजोबांना त्याचं फारसं सुख दिसत नाही.

दुसरी फुकट जागा म्हणजे कंठेश्वरचा संगम. अजिंठ्याच्या डोंगरात निघालेली पूर्णा येलदरी आणि सिद्धेश्वर अशा दोन धरणांत मुक्काम करत करत इथं येऊन गोदावरीला मिळते. दर्शन ही सबब इतकी भक्कम आहे की घरून वर नारळाला पैसेही मिळतात. एका मोटरसायकलवर तिघं, पेट्रोलची वर्गणी, आणि देवापुढं दोन मिनिटं. उरलेला वेळ पाण्यात खापऱ्या मारण्यात जातो. पहाटेचं मैदान हा तिसरा प्रकार. पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर पळावं लागतं. त्यामुळं पाच वाजता अंधारात पळणाऱ्याला कुणी 'कुठं?' विचारत नाही. पळून झाल्यावर टपरीवर बसून सुशीला खात आठ वाजवले, तरी तो भरतीचाच भाग समजतात.

खाण्याचंही बरंच भागतं. सप्ताह उठला की पंगत असते, पण तिथं आधी काल्याचं कीर्तन ऐकावं लागतं, आणि वाढायला उभं केलं तर जेवण सगळ्यात शेवटी. हुरड्याच्या दिवसांत शेतवाल्या मित्राचं अक्षर एकदम सुंदर वाटू लागतं आणि सगळे त्याच्याच वह्या मागतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचं मात्र मला कौतुक वाटतं. दहा रुपयांत गाडी आणि उतरल्यावर लंगर. डोकं झाकायचं, पंगतीत बसायचं, रोटी दोन्ही हात पुढं करून घ्यायची. कुठला, कुणाचा, कशाला आलास, हे कुणीच विचारत नाही. आमच्या गावची पोरं पहिल्यांदा तिथं जातात तेव्हा गोंधळतात. तयार करून नेलेलं उत्तर तसंच तोंडात राहतं आणि त्याच्यावरून डाळ खाली उतरते.

हे सगळं झालं पोरांचं. पोरींना 'पाव्हणे यायलेत' चालत नाही; पाहुणे आणायला पोरीला कोण पाठवतं? सरकारचा हात त्यांच्याबाबत सढळ आहे. रेल्वेचा घर ते कॉलेज दुसऱ्या वर्गाचा पास मुलांना बारावीपर्यंत फुकट, मुलींना थेट पदवीपर्यंत. एसटीत बाईमाणसाला निम्मं तिकीट, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला तेही नाही. प्रवास असा फुकटात पडतो, सबब मात्र ज्याची त्यानं शोधायची. पोरींनी ती शोधली: झेरॉक्स. एका पानाची झेरॉक्स काढायला दोघी निघतात, वाटेत तिसरी भेटते, दुकानात गर्दी असते, मशीनमध्ये कागद अडकतो, आणि बाजारातून बांगड्यांच्या दुकानाला वळसा घालून यायला तास लागतो. ते पान कशाचं होतं हे मी एकदा विचारलं होतं. पोरी एकमेकींकडं बघून हसल्या आणि 'नोट्सचं, सर' म्हणाल्या.

मिरखेल, चुडावा अशा स्टेशनांवरून येणाऱ्या पोरींकडं याहून मोठा ऐवज होता. गाडी लेट. ही सबब खुद्द रेल्वेच द्यायची, तीही भोंग्यावरून, तीन भाषांत, वर खेद व्यक्त करून. फलाटाच्या टोकाला बाकावर पाच-सहा जणी, मध्ये एक शेंगदाण्याची पुडी, आणि तासभर कुणाचं काही देणं नाही. अलीकडं त्याला दृष्ट लागली. घरी आईच्या मोबाइलमध्ये गाडी कुठं आहे ते दाखवणारं ॲप आलं, आणि 'तुझी गाडी तर टायमावर दाखवायलीय' असा फोन फलाटावरच येऊ लागला. पोरींनी दोन-चार दिवस विचार केला. आता त्या सांगतात, 'गाडी टायमावर आलती गं, पण चढायला जागाच नव्हती.' गर्दी किती आहे हे त्या ॲपला अजून दिसत नाही.