सेक्रेटरीकाका बोटीवर

बॅलार्ड पिअरला बोट उभी होती. ती दिसताच आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांचे मोबाइल वर गेले. सेक्रेटरीकाकांनी फक्त मान वर केली आणि बोटाने मजले मोजले. "अकरा," ते म्हणाले. "पार्किंग मात्र दिसत नाही."

आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद गेली बावीस वर्षं काकांकडे आहे. ते त्यांनी मागितलं नव्हतं. काढून कुणी घेत नाही, कारण काढून घेणाऱ्याच्याच गळ्यात ते पडेल. या काळात चेअरमन सात झाले. चेअरमनने महिन्यातून एकदा चेकवर सही करायची आणि गणपतीत आरतीचं ताट धरायचं. पहाटे साडेपाचला बनियनवर पंप चालू करायला उतरणारा माणूस वेगळा असतो. प्रत्येक सोसायटीत तो असतो. ताजमहाल दाखवायला नेलात, तर आधी संगमरवराच्या सांध्यात पिंपळ उगवलाय का ते बघेल.

लेकीने चाळिसाव्या लग्नवाढदिवसाला मुंबई–गोवा–मुंबई सफर दिली, म्हणून काका बोटीवर आले. काकू हौसेने आल्या, काका पाहणीला.

सुरुवातीलाच सगळ्या प्रवाशांना बोलावून लाइफ जॅकेटची कवायत झाली. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याशी कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून कलंडली. त्या बोटीवर नुकत्याच चढलेल्या कित्येकांची कवायत व्हायची होती, कारण तेव्हा चोवीस तासांत केली तरी चालत असे. पुढे नियम बदलला: निघण्याआधी, फार तर निघता निघता. तर आम्ही नेमून दिलेल्या जागी रांगेत उभे होतो आणि एक अधिकारी हजेरी घेत होता. काकांचा गळा दाटून आला. "शंभर टक्के!" ते पुटपुटले. आमच्या वार्षिक सभेला कोरमअभावी अर्धा तास तहकुबी ठरलेलीच. मग उरलेल्या नऊ जणांत सभा होते आणि त्यातले तिघे समोशाला आलेले असतात.

संध्याकाळी जिन्यात गर्दी दिसली. बोटीवर प्रत्येक जिन्याच्या वळणावर चित्रं लावलेली होती, समुद्राच्या हेलकाव्याने पडू नयेत म्हणून भिंतीला स्क्रूने जखडलेली. त्यातल्या एका मोठ्या अमूर्त चित्रासमोर काका उभे होते. करड्यावर तपकिरी, तपकिरीवर पिवळट, मधूनच एक हिरवी झाक. दोन बायका त्यासमोर सेल्फी काढायला खोळंबल्या होत्या. काकांनी चित्राच्या बाजूची भिंत बोटाच्या पेराने ठोकून पाहिली. मग हात उपडा करून ओल तपासली.

"वर कुणाचं बाथरूम आहे?" त्यांनी तिथून जाणाऱ्या वेटरला विचारलं.

"सर, वर स्विमिंग पूल आहे."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बी-विंगचा गळका पाइप बावीस वर्षांनी सापडला! ते चित्र आहे, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद आहे का? आणि ठरावाला अनुमोदक कोण होता?" कलेविषयी त्यांना राग नाही. आमच्या लॉबीत त्यांनीच टाइलचा गणपती लावला, तोही तीन कोटेशनं मागवून.

जेवणाच्या हॉलमध्ये माणसं तुटून पडली होती. पनीर, सुरमई, जैन काउंटर, केकचे मनोरे. काकांनी वरणभात घेतला आणि ताटं नेणाऱ्या पोराला गाठलं: उष्ट्याचं काय करता? पोरगा हुशार निघाला. अन्नाचा चुरा पंचवीस मिलिमीटरहून बारीक केला, तर किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे टाकता येतो. न दळता टाकायचं तर बारा मैल लागतात. प्लास्टिक मात्र कुठेच नाही. ठरावीक समुद्र सोडले, तर जगभर हाच नियम. काकांचा घास हातातच राहिला. "आणि लोक पाळतात?" पुढचे दोन दिवस ते भेटेल त्याला हे सांगत होते. आमच्याकडे ओला-सुका वेगळा करा सांगताना त्यांचा आवाज बसलाय. गोव्याला उतरल्यावर काकूंनी मंगेशीला जाऊ म्हटलं, तर गाडीतही चुऱ्याचाच विषय.

रिसेप्शनवरचा प्रसंग मात्र मी जन्मात विसरणार नाही. बोट १९९० सालची, हे काकांनी कुठल्याशा पितळी पाटीवर वाचलं होतं. तीस वर्षांवरच्या इमारतीला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. मग बोटीला? काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, की तळाची तपासणी दरवर्षी होते आणि पाच वर्षांत निदान दोनदा सुक्या गोदीत. काका प्रसन्न झाले. ग्रॉस टनेज म्हणजे वजन नसून आतल्या बंदिस्त जागेचं माप, हे ऐकून तर "म्हणजे बिल्टअप!" म्हणत त्यांनी टाळी मागितली. मग काउंटरवर कोपर टेकून, भरल्या रिसेप्शनमध्ये, खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं, "व्हॉट अबाउट सिंकिंग फंड?"

मुलीचा चेहरा पांढरा पडला. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी नवऱ्याचा दंड धरला. "सर, प्लीज," मुलगी कुजबुजली, "इथे तो शब्द नको." आतून पांढऱ्या कपड्यांतला अधिकारी धावत आला. सोसायटीला मोठ्या दुरुस्तीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी बाजूला काढावा लागतो, हा उपविधी काका त्याला सव्वातास समजावत होते. जाताना त्याने काकांचा नंबर घेतला. ठाण्यात त्याच्या फ्लॅटचं रीडेव्हलपमेंट अडलंय म्हणे.

या सगळ्यात काकू लाउंजमध्ये काचेशी खुर्ची ओढून बसलेल्या असत. त्या मालवणच्या. त्यांचे वडील कोकण बोटीने मुंबईला येत, डेकवर घोंगडी अंथरून. मालवणला धक्क्याला बोट लागत नसे. पडावातून जाऊन वर चढायचं. काकू या गुबगुबीत खुर्चीत पाय वर घेऊन तासन्‌तास समुद्र बघत. काकांनी एकदा येऊन फक्त खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना कॉमन एरियाचा नियम ऐकवला आणि गेले.

शेवटच्या रात्री वरच्या डेकवर मला काका एका दारासमोर उभे दिसले. दारावर सोनेरी अक्षरांत 'चेअरमन्स क्लब'. काचेतून मंद उजेड दिसत होता. आत दोन गृहस्थ पाय पसरून, ग्लास हातात घेऊन बसले होते. दारावरच्या माणसाने काकांना विचारलं, "सर, मेंबर?"

काकांनी आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "इथेही तेच. बसलेत बघ."

आणि वर बोट दाखवून त्या माणसाला म्हणाले, "हा दिवा फडफडतोय. होल्डर ढिला असणार. मी खाली सांगतो," आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरू लागले.